मांडवापर्यंत टोचन

घाटमाथ्यावर वडजाई म्हणून गाव. त्या गावात शिरपा नावाचा एक भोळा क्रेनवाला होता. भोळा हे आपलं लोकलाजेस्तव म्हणायचं. खरं सांगायचं तर तो ठार मूर्ख होता.

क्रेन त्याच्या मामाची. मामाला सगळं गाव तात्या म्हणायचं. घाटात मालट्रक बंद पडला की तात्याला फोन यायचा. मग क्रेन जायची आणि ट्रक ओढून आणायची. ह्या ओढून आणण्याला ट्रकवाले टोचन म्हणतात. तात्याचे गुडघे गेले तशी त्यानं क्रेन भाच्याच्या हातात दिली. बहिणीचा पोरगा, टाकणार कुठं?

तात्यालाही फार शहाणा समजू नका. चूक झाली की तो मोठं भाषण द्यायचा. चूक व्हायच्या आधी मात्र त्याच्या तोंडात पान असायचं.

पहिल्याच दिवशी फोन आला. तात्या पान चघळत म्हणाला, "जा. पुढून बांध आणि ओढून आण."

शिरपा गेला. ट्रकच्या सगळ्यात पुढं काय असतं? बंपर. त्यानं बंपरला साखळी बांधली आणि क्रेन हाणली. बंपर निघून आला, ट्रक घाटातच राहिला. शिरपा बंपर खडखडवत थेट दारात. वर म्हणतो कसा, "मामा, ट्रक हलका होता."

तात्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे अकलेच्या कांद्या! बंपरला बांधतात होय? खाली ॲक्सल असतो, त्याला धरून पुढची बाजू उचलायची. आणि निघाल्यावर मागं बघावं की जरा! मागचं येतंय का राहिलंय?"

"चुकलं, मामा. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं हो त्यानं ध्यानात. दुसऱ्या दिवशी मामीनं दळण आणायला पाठवलं. सायकलच्या कॅरिअरला पिठाचा डबा बांधून गडी निघाला. मान पूर्ण मागं. डबा येतोय का राहिलाय? डबा येत होता. शिरपा डब्याकडं बघून खूश. असा खूश होत होत तो देवळामागच्या शेणाच्या खड्ड्यात गेला, डब्यासकट.

"अरे रेड्या," तात्या नाक धरून ओरडला, "चालवताना समोर बघायचं! मागं वळून बघायचंच नाही!"

"चुकलं, मामा. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवतो."

पुढच्या खेपेला कांद्याचा ट्रक होता. शिरपानं ॲक्सलला धरून पुढची बाजू छान उचलली. नजर समोर ठेवली. पण इंजिन बंद म्हणजे हवा नाही, आणि हवा नाही म्हणजे ट्रकचे ब्रेक घट्ट. मागची चाकं फिरेनात, नुसती घासत आली. धूर निघाला. रस्त्यावरची माणसं हातवारे करायला लागली. शिरपानं सगळ्यांना हसून रामराम केला. मागं बघायचं नव्हतं ना! दारात पोचला तेव्हा टायरांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि निम्म्या वस्तीला भाजल्या कांद्याचा वास येत होता.

"अरे, आधी मागची चाकं मोकळी करावी!" तात्याचा घसा बसला. "क्रेनची हवा त्याच्या नळीला द्यायची, ब्रेक सोडवायचे. खालचा शाफ्ट काढायचा, नाहीतर गिअरबॉक्स जळतो. चाकं मोकळी, मग बाकीचं!"

"चुकलं, मामा. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवतो."

चार दिवसांनी सरपंचांची जीप चहाच्या टपरीपुढं उतारावर उभी होती. धडधाकट जीप. सरपंच आत भजी खात होते. टपरीवाला म्हणाला, "शिरपा, ही जीप जरा बाजूला घे रे, वाट अडलीय."

शिरपानं विचार केला. (त्यानं विचार केला की गावाचं काहीतरी नुकसान व्हायचंच.) आधी चाकं मोकळी, मग बाकीचं. त्यानं चाकाखालचा दगड काढला, हँडब्रेक सोडला आणि शाफ्ट काढायला पान्हा आणायला गेला. पान्हा घेऊन परत आला तर जीप उताराखालच्या तळ्यात. नुसतं टप दिसत होतं, आणि टपावर एक बगळा.

तात्याला सरपंचांच्या पाया पडावं लागलं. घरी येऊन तो म्हणाला, "टपरीवाला तुझा मालक का मी? यापुढं माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काही ऐकायचं नाही! समजलं?"

"समजलं, मामा. चुकलं. ध्यानात ठेवतो."

आता खरी गोष्ट ऐका. तात्याची एकुलती एक मुलगी मंगल, तिचं लग्न ठरलं. नवरा घाटाखालच्या पिंपळदरीचा. मुहूर्त दुपारचा, आणि तोही असा की भटजी म्हणाले, "हा चुकला तर पुढचा थेट दिवाळीनंतर." तात्यानं दारात मांडव घातला. बुंदी पाडली. सगळं गाव फेटे बांधून बसलं. आणि बरोबर त्याच वेळी तात्याचा फोन वाजला. वऱ्हाडाचा ट्रक अर्ध्या घाटात बंद पडला होता. नवरदेवासकट.

नवरीचा बाप मांडव सोडून कसा जाणार? क्रेन चालवणारा दुसरा कोण होता? शिरपालाच धाडायचं. पण ह्या वेळी त्यानं पान थुंकलं. आयुष्यात पहिल्यांदा तो चूक व्हायच्या आधी बोलला.

"शिरपा, माझी इज्जत तुझ्या हातात आहे. नीट ऐक. ट्रक तोंडाच्या बाजूनंच ओढायचा, मागून ओढायचा नाही. ॲक्सलला धरून उचलायचा. हवा द्यायची, ब्रेक सोडवायचे, शाफ्ट काढायचा. साखळी दुहेरी लावायची. मागं लाल फडकं बांधायचं. सावकाश चालवायचं. समोर बघायचं. चालवताना फोन उचलायचा नाही. कुणी काही बोललं तरी ऐकायचं नाही. आणि थांबायचं ते एकदम मांडवापुढंच!"

शिरपानं सगळं घोकलं. चुकून एक शब्द सांडला नाही.

इकडं घाटात काय झालं होतं? ट्रक चढाला बंद पडला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, उताराला लावून गाडी सोडली की धक्क्यानं चालू होईल. ड्रायव्हर लोकांची ही जुनीच रीत. वऱ्हाड्यांनी फेटे सावरत ट्रक ढकलून ढकलून उलटा वळवला. ट्रक चालू झाला नाही तो नाहीच. चाकांना दगड लावून सगळे घाम पुसत बसले. ट्रकचं तोंड आता पिंपळदरीकडं होतं, आणि नवरी वडजाईत.

शिरपा आला. ट्रकचं तोंड हुडकलं. वळसा घालून खाली गेला, क्रेन मागं घेतली, ॲक्सलला धरून पुढची बाजू उचलली. हवा दिली, ब्रेक सोडवले, शाफ्ट काढला. दुहेरी साखळी, लाल फडकं. काम असं चोख की ड्रायव्हरनं पाठ थोपटली. वऱ्हाड पुन्हा ट्रकमध्ये चढलं. टोचन केलेल्या गाडीत माणसं बसवायची नसतात, पण तेवढं एक तात्या सांगायला विसरला होता.

ड्रायव्हर म्हणाला, "खाली वळणावर मोकळी जागा आहे. तिथं फिरवून घे."

शिरपा मनात म्हणाला, हा कोण सांगणारा? हा काही मामा नाही.

वळण आलं. वळण गेलं. ट्रकमध्ये आधी कुजबुज झाली, मग बोंबाबोंब. "अरे ए! उलटा कुठं निघालास? मुहूर्त चुकतोय!" नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारून शिट्ट्या मारल्या. त्याच्या बापानं काठीनं पत्रा बडवला. शेवटी वाजंत्र्यांनी जीव खाऊन ढोल पिटला, निदान त्यानं तरी गाढव वळून बघेल म्हणून. शिरपाला वाटलं, काय हौशी वऱ्हाड आहे! त्याची छाती फुगली. खिशातला फोन वाजून वाजून गप्प झाला. नजर समोर ठेवून, सावकाश, एकाही खड्ड्यात चाक न घालता त्यानं ट्रक पिंपळदरीत आणला आणि एकदम मांडवापुढं उभा केला. नवऱ्याकडंही मांडव असतोच की.

नवरदेवाची आई घरीच राहिली होती. वरात लवकर आली म्हणून ती लगबगीनं आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप तयार होतं. तिनं ट्रकमध्ये डोकावून बघितलं.

"सूनबाई कुठाय?"

ट्रकमधल्या सगळ्यांनी नुसतं शिरपाकडं बोट दाखवलं. घसेच बसले होते सगळ्यांचे.

आता गाडी थांबली होती म्हणून शिरपानं फोन उचलला.

"शिरप्या, कुठं मेलायस?" तात्याचा आवाज रडवेला झाला होता.

"मांडवापुढं, मामा."

"अरे, मी मांडवातच उभा आहे!"

"मीही तिथंच आहे की."

आणि तात्या, तोही शहाणाच, मांडवाच्या खांबांमागं वाकून बघून आला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"पिंपळदरीचा मांडव? अरे सत्यानाश्या! वळव! ट्रक आत्ताच्या आत्ता परत आण!"

"कसा आणू? क्रेनपुढं घराची भिंत आहे. आता मागून ओढावा लागेल. मागून ओढायचा नाही, तुम्हीच म्हणालात."

"अरे, नवरी इथं बसलीय!"

"मग येऊ द्या की तिला चालत," शिरपा शांतपणे म्हणाला. "ती काय बंद पडलीय?"

फोनमधून भटजींचा आवाज आला, "तात्या, मुहूर्त टळला बरं का." मग मंगलचं रडणं ऐकू आलं. मग तात्या मटकन खाली बसल्याचा आवाज.

"चुकलं रे, शिरपा," शेवटी तात्या म्हणाला. "माझंच चुकलं."

शिरपाला मामाची दया आली. आजवर मामानं त्याला किती सांभाळून घेतलं होतं.

"असू द्या, मामा," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला ध्यानात ठेवा."