राहीचा धोंडा

डोंगराच्या कुशीत उन्हेरवाडी आहे. घरं मोजकी, पायवाटा मात्र चहूकडे. वर खडकात ऊन पाण्याचं कुंड होतं. पाण्याला गंधकाचा वास, पण आखडलेले सांधे त्यानं मोकळे होत. कुंडाच्या वाटेवर सांबगीर महाराज हे गोसावी राहत असत. वाडीची रीत अशी, की कुंडावर जाणाऱ्यानं खालून एक धोंडा न्यायचा आणि पावसानं खचलेल्या वाटेत बसवायचा. पुढंपुढं लोक विसरले. फुकट मिळालेल्याची आठवण कोण ठेवतं!

राही विसरली नाही. तिचा नवरा गोंदा कड्यावरून पडला नि पायांतून गेला. ती त्याला पाठीवर घेऊन रोज कुंडावर नेई, आणि पदरात धोंडाही असे. पाण्यानं गोंदाची बोटं हलू लागली होती.

एक दिवस खोतीण द्वारकाबाईंची डोली मागून आली. गुडघे त्यांचेही धरलेले, जीभ तेवढी सैल.

"काय गं राहे, नवरा पाठीवर नि धोंडा पदरात! जड कोणता?"

"धोंडा, बाईसाहेब. नवऱ्याची सवय झालीया."

भोई हसले. बाईंना ते लागलं. तोडीस तोड उत्तर मोठ्या घरात पचत नाही.

बाईंच्या मनात आलं, झऱ्याचं तोंड मोठं करून पाणी वाढवावं आणि कुंडाला भिंत घालून ते आपल्यापुरतं ठेवावं. महाराज म्हणाले, "बाई, झऱ्याच्या तोंडाला लोखंड लावू नका. आतून येणारं पाणी त्याच्या मर्जीनं येतं."

"गोसाव्यानं धुनी सांभाळावी. पाण्याचं आम्ही बघतो," बाई म्हणाल्या.

गड्यांनी पहार घातली. खडकात गुडगुड झालं आणि पाणी आत ओढलं गेलं. कुंड कोरडं! चूक बाईंची, पण बोट दाखवलं राहीकडं. "हिच्याच पायगुणानं गेलं. हिला वर फिरकू देऊ नका."

राही महाराजांपुढं येऊन रडली. "आता कुठं त्यांची बोटं हलत होती, महाराज. धनी जन्मभर असंच राहायचं का?"

महाराज म्हणाले, "धोंडा कशासाठी नेत होतीस, माय? पाण्यासाठी?"

"न्हाई. मागनं येणाराचा पाय सरकू नये म्हणून."

"मग पाणी आटलं. वाट कुठं आटलीय?"

राहीनं डोळे पुसले. कुंडाची बंदी होती, वाटेची नव्हती. सकाळी रोजच्यासारखा नवरा पाठीवर, धोंडा पदरात, ती निघाली. अवघड वळणावर तिनं गोंदाला टेकवलं आणि धोंडा बसवला. हात झटकन मागं घेतला. खालचे धोंडे ऊन लागत होते! त्यांच्या फटींतून वाफ आली, मग पाणी आलं, तोच गंधकाचा वास. तिनं वर्षानुवर्षं रचलेल्या धोंड्यांमध्येच ते साचलं. महाराज तिथं उभे होते. त्यांनी नुसते हात जोडले. गोंदानं पाय बुडवले. पुढं तो काठी टेकत आपल्या पायांनी वाडीत उतरला, हे सगळ्यांनी पाहिलं.

बातमी कळताच द्वारकाबाई डोलीतून निघाल्या. साचलेल्या पाण्यानं वळणाची वाट अरुंद झाली होती, डोली वळेना.

महाराज म्हणाले, "उतरा, बाई. इथून ज्यानं त्यानं आपल्या पायांनी यायचं."

बाई उतरल्या. खाली दरी होती. पाय सरकला तो एका धोंड्यावर अडला. पुढचा पाय दुसऱ्यावर. प्रत्येक धोंडा राहीनं बसवलेला, आणि एकही हलला नाही. पाण्याशी येईपर्यंत बाईंचा आवाज उतरला होता.

"महाराज, मी पाय बुडवू का?"

"मला काय विचारता? जिनं धोंडे बसवलेत तिला विचारा."

बाई मान खाली घालून राहीपुढं उभ्या राहिल्या. राहीनंच हात दिला. "बसा, बाईसाहेब. पाणी कढत हाय, दमानं."

दुसऱ्या सकाळी वाडीनं डोळे भरून पाहिलं. खोतीणबाई पायी येत होत्या, जरीच्या पदरात धोंडा. मध्येच थांबून म्हणाल्या, "जड आहे गं, राहे."

"व्हय, बाईसाहेब. सवय हुईल."

बाईंनी तो धोंडा वाटेत नीट बसवला, आणि त्याच धोंड्यावर कपाळ टेकून महाराजांना नमस्कार केला.