उताराची वाट

"पण बाबा, वाट आपली असल्याचा कागद कुठे आहे?"

फिन्टनने कोलमन बाबांना विचारलं. नदीकाठच्या मठीतले हे म्हातारे साधू म्हणजे फिन्टनचे लहानपणापासूनचे गुरू. पण आता फिन्टन डब्लिनला कायदा शिकून आला होता. आयर्लंडच्या त्या खेड्यात त्याच्याएवढं कोणी शिकलेलं नव्हतं, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

"नव्या जमीनदाराने, नदी पायी ओलांडायच्या त्या उताराच्या वाटेवर फाटक घातलंय. वाट आमची, असं नुसतं म्हणून कोर्टात चालत नाही. आज आईला दफनासाठी पुलावरून नेऊ. मग मी रीतसर दावा लावतो."

"पूल किती लांब?"

"सहा मैल."

"आणि आई काय म्हणाली होती?"

फिन्टनने मान खाली घातली. शेवटपर्यंत तिचं एकच मागणं होतं... मला उतारावरून न्या. आपली सगळी माणसं तिथूनच नदीपलीकडे मातीला गेली.

"उचला," बाबा म्हणाले.

चौघांनी शवपेटी खांद्यावर घेतली. फाटकाशी चौकीदार मर्टॉक बंदूक घेऊन उभा होता.

"मागे फिरा! तुम्हाला सोडलं तर माझी नोकरी जाईल."

"हे बघ मर्टॉक, कायद्याने..."

"तू गप रे," बाबा फिन्टनला म्हणाले.

त्यांनी टोपी काढली आणि नुसते उभे राहिले.

...

मर्टॉकचाही हात आपसूक टोपीकडे गेला. मग तो चपापला. त्या मुलखात समोरून प्रेतयात्रा आली, तर वैऱ्यानेही वळून तिच्याबरोबर तीन पावलं चालायचं असतं. जो चालत नाही, त्याच्या प्रेतयात्रेत कोणी चालत नाही.

तो वळला. समोर एका पावलावर कुलूपबंद फाटक.

"बाबा, हे बरं नाही केलंत."

"मी काय केलं? टोपी काढली."

मर्टॉकने एक शिवी हासडली. कुलूप काढलं. बंदूक कुंपणाला टेकवली.

एक पाऊल. दोन. तीन.

चौथ्या पावलाला पेटीच्या पुढच्या म्हाताऱ्या खांदेकऱ्याला धाप लागलेली पाहून मर्टॉकने त्याच्या जागी आपला खांदा दिला. फिन्टन बघतच राहिला.

पाण्याशी येताच मर्टॉक हळूच म्हणाला, "उद्या मालक विचारतील, वाट कुणाची म्हणून सोडलीस? काय सांगू?"

बाबांनी झगा वर खोचला आणि उतारातल्या पहिल्या दगडावर पाय ठेवला.

"तूच त्यांना विचार, मालक, तुम्हाला कोणत्या वाटेने न्यायचं?"