परसाईचं उष्टं पान

शेवरखोलची पाणंद चढून वर आलं की परसाईचं देऊळ लागतं. देऊळ म्हणजे जांभ्याचे चार खांब, वर कौलं आणि मधोमध कमरेएवढी काळी शिळा. शिळेपुढच्या सुपात काय ठेवलेलं असतं ते पाहून नवखा माणूस गोंधळतो. अळीने पोखरलेली भेंडी, पाखराने टोचलेला पेरू, चाळणी झालेलं माठाचं पान. जरा थांबलं तर एखादी बाई येते, आपल्या परसातलं असंच काहीतरी सुपात टाकते आणि देवीला फैलावर घेते. गुरव तिला अडवत नाहीत.

ही रीत कशी पडली ते भिकूतात्या गुरव पायरीवर बसून सांगतात. त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं. ज्याला घाई आहे त्याला मात्र ते सांगत नाहीत.

वाडीत सातच घरं होती त्या काळातली गोष्ट. शिवराम नावाचा एक गृहस्थ होता. त्याचं परसू बघायला लोक खाडीपलीकडून येत, म्हणे. त्याची बायको मनकर्णा मिठागरावर वाढलेली. माहेरी अंगणात शेवग्याचं एक झाड सोडलं तर हिरवं काही नव्हतं. मातीत हात घालायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती आणि तिला तशी हौसही नव्हती.

एका माघात शिवराम माडावरून पडला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग हलेना. लेप झाले, काढे झाले, शेक झाले. शेवटी त्या वेळचे दाजी गुरव मनकर्णेला देवीपुढे घेऊन गेले आणि त्यांनी तिच्याकडून नवस बोलवून घेतला. पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, सहाही ऋतू, रोज सकाळी परसातली एक वस्तू देवीला वाहायची. स्वतःच्या हाताने वाढवलेली. शेजारची नको, बाजारची नको, रानातली नको. कीड लागलेली किंवा कुणी तोंड लावलेली तर मुळीच नको. एक दिवस चुकला, तर पुन्हा पाडव्याची वाट बघायची.

"एवढंच ना," मनकर्णा म्हणाली. ते दोन शब्द तिला पुढे तीन वर्षं आठवत राहिले, असं सांगतात.

चैत्र-वैशाख तिने विहिरीचं पाणी ओढून काढले. तळहातांना घट्टे पडले, पण अबोली होती, चवळी होती, रोज काही ना काही मिळत होतं. शिवराम पडवीत पडून तिला शिकवायचा.

"अगो, आळ्यात पाणी घाल, पानांवर नको."

"कळलं."

"अगो, पडवळाच्या टोकाला दगड बांध, नाहीतर वाकडं वाढेल."

"वाढू दे वाकडं!"

दिवसभर हेच. जेवायला वाढताना ती ताट जरा जोरातच ठेवायची.

पाऊस लागला आणि गोगलगायी आल्या. वेचून टाकाव्या तर दुप्पट यायच्या. मनकर्णा मिठागराची लेक. तिला एकच औषध ठाऊक होतं. तिने माहेराहून मीठ आणवलं आणि सगळ्या वाफ्यांभोवती त्याची रेघ ओढली. शिवराम पडवीतून ओरडत होता, "मीठ नको गो! अगो, मीठ नको!" पण पावसाच्या आवाजात तिला ते ऐकू आलं नाही. किंवा ऐकू आलं आणि तिने मनावर घेतलं नाही. मीठ विरघळून मातीत गेलं. चौथ्या दिवशी परसात एक हिरवं पान उरलं नाही आणि नवस मोडला.

उरलेलं वर्ष तिने खारी माती उपसून टाकण्यात घालवलं. तळ्याकाठचा गाळ, चुलीतली राख, शेण, कुजलेला पाला असं डोक्यावरून आणून ओतलं. नवऱ्याने एकदाही "मी सांगत होतो" म्हटलं नाही. त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या पाडव्याला तिने पुन्हा सुरुवात केली. या खेपेला ती सावध होती. गोगलगायी वेचायला ती उजाडताच बसायची. शरदात साळिंदराने सुरण उकरला, तिने कुंपणाच्या वईला दुहेरी काटे लावले. हेमंतात वालाच्या शेंगांवर मावा आला, तिने एकेक शेंग राखेने पुसली. कुठल्या वेलीला केव्हा तहान लागते हे तिला न बघता कळू लागलं होतं. पण असं कुणी म्हटलं असतं, तर तिने त्याला हाकलून दिलं असतं.

शिशिर सरत आला. पाडव्याला दहा दिवस उरले. त्या सकाळी वानरांची टोळी परसात उतरली. मनकर्णा काठी घेऊन धावली तोवर वेलींचा मांडव खाली बसला होता. उरला एक दुधी, त्यालाही एका बाजूने दात लागलेले. ती तोच घेऊन देवळात गेली.

दाजी गुरवांनी दुधी फिरवून पाहिला. "वैनी, हे उष्टं आहे. देवीला कसं चालेल?"

"दहा दिवस राहिलेत, दाजी."

"माझ्या हातात असतं तर घेतलं असतं हो."

ती घरी आली. दुधी तिने चुलीवर शिजवला आणि शिवरामपुढे ठेवला. त्याने एक घास खाल्ला. मग म्हणाला, "सोड आता हा नवस. मी असाच बरा आहे."

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "पाय तुमचे असतील. परसू माझं आहे."

असं ती का बोलली हे तिचं तिलाही कळलं नाही, म्हणे.

तिसऱ्या वर्षी चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ पार पडले. श्रावणात सलग आठ दिवस पाऊस ओतला. नवव्या सकाळी ती दार उघडून बाहेर आली तर वरच्या बांधाचं पाणी परसातून गेलेलं. मिरचीची रोपं उपटून आडवी पडलेली, भेंडी मोडलेली, दोडक्याचा वेल चिखलात. वरून वानरं येऊन राहिलेलं नासून गेली होती. विहिरीकडेला अळवाचं एक पान तेवढं उभं होतं. गोगलगायींनी ते इतकं खाल्लं होतं की त्यातून पलीकडची विहीर दिसत होती.

मनकर्णेने ते पान देठापासून तोडलं. चिखलाने भरलेली, केस मोकळे, अशीच ती पाणंद चढून गेली. दाजी गुरव पूजा करत होते. त्यांनी पानाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पण ते काही बोलायच्या आत तिने पान शिळेवर फेकून मारलं.

"घे! हे आहे माझ्याकडे. गोगलगायी कुणाच्या? तुझ्या. वानरं कुणाची? तुझी. पाऊसही तूच पाठवतेस, आणि वर तुला चांगलं, अखंड हवं! तुझ्या लेकरांनी खाऊन उरलं ते आणलंय. तीन वर्षं मी तुझ्यापुढे गोड बोलत्येय आणि घरी जाऊन दात खात्येय. आज सांगत्ये, मी कंटाळल्ये. तुझ्या मातीला कंटाळल्ये, तुझ्या पावसाला कंटाळल्ये, त्या माणसाच्या 'अगो, अगो'ला कंटाळल्ये. आणि तरी उद्या सकाळी मी त्या वाफ्यातच बसलेली असेन, कारण ती मिरची मी लावल्येय. आता तुला काय करायचं ते कर!"

ओलं पान शिळेला चिकटून बसलं होतं. दाजी गुरव बघत राहिले. तीन वर्षांत त्यांनी शिवरामसाठी कितीदा तरी देवीला कौल लावला होता. ओल्या पाकळ्या शिळेला चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर होकार. एकही पाकळी कधी हलली नव्हती. आता ते फाटकं पान आपसूक सुटलं आणि देवीच्या उजव्या हाताला पडलं.

"वैनी," दाजी हळूच म्हणाले, "उजवा कौल दिला."

"असू दे," मनकर्णा म्हणाली. "माझी रोपं उघड्यावर पडल्येत." आणि ती तशीच उतरली.

घरी आली तर पडवीतलं अंथरूण रिकामं. ती धावतच मागे गेली. शिवराम परसात होता. पडवीपासून वाफ्यापर्यंत चिखलात सरपटल्याचा पट्टा उमटला होता. तो कोपरावर रेलून एकेक मिरचीचं रोप उभं करत होता, मुळांशी माती दाबत होता.

"अगो," तो म्हणाला, "मुळं सुकली असती."

मनकर्णा त्याच्यावर खेकसली. असं यायचं असतं का, कंबर मोडली असती, हाक मारायला काय झालं होतं? खेकसता खेकसता तिला रडू फुटलं आणि रडता रडता ती त्याच्या शेजारी चिखलात बसून दुसरं रोप लावू लागली.

दाजी गुरवांनी त्या दिवसापासून उष्टं घ्यायला सुरुवात केली. मनकर्णेने पुढच्या पाडव्याला नवस पुरा केला. शिवरामला पाय आले का, असं लोक भिकूतात्यांना हमखास विचारतात. काही जण म्हणतात तो पुढे चालत देवळात आला. तात्यांचे आजोबा तसं म्हणत नसत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तो कधी उभा राहिला नाही. पण पडवीतही परत पडून राहिला नाही. रोज सरपटत परसात जायचा. दोघं पुढे तीस वर्षं त्या वाफ्यांत बसून भांडली.

आजही शेवरखोलात ज्या घराची पाळी असेल ते घर सकाळी परसाईला आपल्या परसातलं काहीतरी नेतं, आणि ज्याला कुणाचं तरी तोंड लागलंय असंच शोधून नेतं. मग देवीला मनातलं सगळं सुनवायचं. कितीही वेळ लागो. गेल्या भाद्रपदात सुलभा घाणेकरांनी घुशींवरून जवळजवळ तासभर सुनवलं. मात्र एक गोष्ट तात्या सगळ्यांना बजावतात. बोलून झाल्यावर देवीजवळ काही मागायचं नाही. नमस्कार करायचा आणि सरळ घरी जायचं. उन्हं चढायच्या आत झाडांना पाणी मिळायला हवं.