फुटक्या टाळाचा नाद

सीना नदीच्या काठी मोरवड नावाचे गाव आहे. श्री निरागीबुवा महाराजांचे वास्तव्य तेव्हा तेथील विठ्ठलमंदिराशेजारी एका झोपडीत होते. दर माघात मंदिरात अखंड हरिनामाचा सप्ताह होई. नेम मोठा कडक! एकदा उभी राहिलेली वीणा सप्ताह संपेपर्यंत जमिनीला टेकत नसे. एकाच्या गळ्यातून उतरली की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाई. महाराज स्वतः चिपळ्या घेऊन भजनाला उभे राहत.

वाद्यांचा सारा मेळ व्यंकटराव पखवाजींनी बसवलेला. आधी वीणेने सूर धरायचा, मग महाराजांच्या चिपळ्या, मग टाळकऱ्यांनी हळूहळू हात वाढवायचा, आणि सगळे एकजीव झाले की मृदंगाची थाप पडायची. पंचक्रोशीत असा मेळ नव्हता, हे खरेच. पण बाबांनो, गुणाच्या मागोमाग ताठाही घरात शिरतो. व्यंकटरावांचे तसेच झाले होते.

त्या मेळात सटवाजी कोष्टी मागच्या ओळीत टाळ धरी. तापात त्याचे दोन्ही कान गेले होते. महाराजांच्या पावलांकडे बघून तो ठेका धरायचा आणि खोटे कशाला बोला, मधूनमधून चुकायचाही. नाद ऐकू येत नसला तरी टाळावर टाळ पडला की तळहाताला झिणझिण्या येत. आपली सेवा देवाला पावल्याची ती खूण, असे तो मानी आणि तेवढ्यावर तृप्त असे.

व्यंकटराव मात्र त्याला दुधातला मिठाचा खडा म्हणत. महाराजांपुढे त्याला काढून टाकणे शक्य नव्हते. पण देवळाचे टाळ त्यांनीच वाटायचे अशी रीत होती. काल्याच्या, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी सटवाजीच्या हाती मुद्दाम तडकलेली जोडी दिली. काशाचे फुटके टाळ ते, वाजणार काय! बहिऱ्याला काय कळतेय, असे ते शेजाऱ्याच्या कानाशी बोलले आणि टाळकरी गालातल्या गालात हसले.

पहिला अभंग सुरू झाला. सटवाजीने टाळ वाजवला. हाताला काही लागेना. पुन्हा वाजवला, जोराने वाजवला, तरी तळहात गप्पच. त्या भोळ्या जिवाने टाळाला दोष दिला नाही, स्वतःला दिला. टाळ छातीशी धरून तो बाहेर गेला आणि लोकांच्या पायताणांपाशी बसून राहिला.

अभंग संपताच महाराज त्याच्यामागे बाहेर आले. त्यांनी खुणेने काय झाले म्हणून विचारले.

"महाराज, देवानं मला नाकारलं," सटवाजी म्हणाला. "कान नेले तेव्हा मी काही बोललो नाही. आज हातातलंही नेलं. आता मी सेवा कशानं करू?"

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचे दोन्ही तळहात आपल्या कपाळी लावले, हाताला धरून त्याला आत आणले आणि थेट मृदंगासमोर उभे करून टाळ वाजवण्याची खूण केली. मग शांतपणे म्हणाले, "व्यंकटराव, वाजवा."

काल्याचा अभंग सुरू झाला. व्यंकटरावांनी थाप मारली, पण आवाज नाही! धुमेवरची, मृदंगाच्या डाव्या तोंडावरची, कणीक सुकली असेल म्हणून त्यांनी बोट ओले करून फिरवले, पुन्हा थाप दिली. काहीच नाही. वीणेची तार हलत होती, लोकांचे ओठ हलत होते, आणि त्यांच्या कानांत मात्र शुकशुकाट. इतरांना सारे नीट ऐकू येत होते. कान गेले होते ते व्यंकटरावांचे. थाप चुकली. टाळकरी गडबडले. सप्ताहाच्या शेवटच्या भजनात, अवघ्या गावासमोर, मेळ मोडण्याची वेळ आली. व्यंकटराव घामाने निथळले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मनापासून देवाला हाक मारली.

तेवढ्यात त्या शांततेत एक नाद उमटला. स्वच्छ, गोड, कशाचीही भेसळ नसलेला! त्यांनी वर पाहिले. सटवाजीचा फुटका टाळ वाजत होता. इतर सगळ्यांना त्याची बदबदच ऐकू येत होती. पण सटवाजीच्या तळहातांना झिणझिण्या येत होत्या आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आंधळ्याने हात धरावा तसा व्यंकटरावांनी तो नाद धरला. थाप ठेक्यावर पडली. वीणा, चिपळ्या, टाळ, मृदंग पुन्हा एक झाले आणि भजन तडीस गेले.

जयघोषाबरोबर व्यंकटरावांचे कान उघडले. मृदंग उतरवून ते महाराजांच्या पायांकडे धावले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नव्हे," महाराज म्हणाले. "ज्याने तुम्हाला सावरले, त्याच्याकडे जा."

व्यंकटराव सटवाजीकडे वळले. आजवर ज्याला अरे-तुरे केले, त्याच्यापुढे ते सर्वांदेखत म्हणाले, "सटवाजीबुवा, मी जाणूनबुजून तुम्हाला फुटका टाळ दिला. मला क्षमा करा." आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोके ठेवले.

सटवाजीला यातले अक्षरही ऐकू आले नाही. पावले ओली झालेली मात्र कळली. तो घाईने वाकला आणि त्यांना उठवू लागला; पण व्यंकटरावांचे मस्तक काही त्या पायांवरून उठेना.