सील न फोडलेला डबा

“पण खरा व्हॉल्व्ह कशावरून ओळखायचा, चाचा?”

विद्याधर दाणींनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आत्तारचाचा माझ्या मिक्सरचं बूड उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

चाचांचं दुरुस्तीचं दुकान बार्शीच्या भुसार पेठेत आहे. तरुणपणी ते तंबूतल्या सिनेमाबरोबर गावोगाव फिरले, आवाजाची यंत्रं सांभाळत. तंबू केव्हाच गुंडाळला गेला. त्यातला काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर तेवढा चाचांनी मागून घेतला. तो दुकानात फळीवर असतो आणि रोज दुपारी वाजतो.

दाणी पुण्याचे. पन्नाशीचे. जुने व्हॉल्व्ह गोळा करायचा त्यांना नाद, आणि नाद म्हणजे साधासुधा नाही. चार राज्यांतले भंगारवाले त्यांना नावानं ओळखतात. काचेची नळी हातात घेतली की ते कारखाना सांगतात, साल सांगतात, कधीकधी महिनाही सांगतात. पहिल्या भेटीत त्यांनी चाचांचे पाय धरून “मला शिष्य करून घ्या” म्हटलं होतं. तेव्हापासून चाचा त्यांना अरे-तुरे करतात. एरवी शिष्यपणाचं काही लक्षण मला दिसलं नव्हतं.

“तूच सांग,” चाचा म्हणाले. “तू कशावरनं वळखतोस?”

दाणी खुलले.

“छाप कुणीही मारतं, चाचा. छाप मी बघतच नाही. काचेवर खाली बारीक कोरलेली अक्षरं असतात, ती बघतो. आतल्या पत्र्याचा रंग बघतो. पत्र्याला भोकं किती, वरचं कडं गोल की चौकोनी. पिना घासल्यात का.”

“आनि?”

“आणि काय?”

“लावून बघत न्हाईस?”

दाणी हसले. लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, “लावला की तो वापरलेला झाला. माझ्याकडं चारशे बारा आहेत. एकही लावलेला नाही.”

चाचांनी पेचकस खाली ठेवला.

“चारशे बारा...”

“चारशे बारा.”

“मग गानं कशावर ऐकतोस?”

“मोबाइलवर.”

मला हसू आलं. ते मी खोकून दडवलं.

समोरच्या गोदामात बायका तूर निवडत होत्या. त्यांतली एक ओरडली, “ओ चाचा, बारा वाजून गेलं की! लावा की!”

चाचा उठले आणि त्यांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह सावकाश तांबूस झाले. अर्ध्या मिनिटानं दारावरच्या कर्ण्यातून गाणं सुरू झालं.

दाणींचं गाण्याकडे लक्ष नव्हतं. त्यांची नजर उजवीकडच्या व्हॉल्व्हवर खिळली होती.

“हा...” ते म्हणाले. “याच्यासाठीच मी येतो, चाचा. आज स्पष्टच सांगतो.”

त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. रेशमी रुमालात गुंडाळलेला, पुठ्ठ्याचा, वर कागदी सील.

“याचा जोडीदार. तोच कारखाना, तोच आठवडा. अकरा वर्षं माझ्याकडं आहे. आमच्या मंडळींत या डब्याला सगळे ओळखतात. अशी जोडी देशात कुणाकडं नाही. तुमचा मिळाला, तर माझ्याकडं होईल.”

“उघड.”

“उघडायचा नसतो. सील आहे.”

“मग आत त्योच हाय कशावरनं?”

“वजनावरून. डब्याच्या छपाईवरून. सीलवरून.”

“म्हंजे नवरी न बघताच लगीन लावायचं म्हन की.”

दाणींनी डबा मांडीवर घेतला.

मग त्यांनी नखानं सील फोडलं. इतका वेळ मला त्या माणसाची गंमत वाटत होती, आता वाईट वाटलं.

त्यांनी कापूस बाजूला केला. कोरलेली अक्षरं बरोबर होती. पत्रा बरोबर होता. पिना कोऱ्या करकरीत. दाणींचा चेहरा उजळत गेला, आणि त्यांनी व्हॉल्व्ह उजेडाकडे धरला.

व्हॉल्व्हच्या शेंड्याला आतून चांदीचा पट्टा असतो, आरशासारखा. नळीत हवा नाही तोवर ती चांदी राहते. केसाएवढ्या फटीतून जरी हवा शिरली, तरी ती पांढरी पडते. मग तो व्हॉल्व्ह कशालाच लागत नाही. हे दुकानात येऊन-जाऊन मलासुद्धा माहीत झालं होतं.

दाणींच्या व्हॉल्व्हचा शेंडा चुन्यासारखा पांढरा होता.

बाहेर एक गाणं संपलं. दुसरं सुरू झालं.

“अकरा वर्षं...” दाणी म्हणाले.

चाचांनी व्हॉल्व्ह हातात घेतला, चष्मा वर सारला. एका पिनेच्या मुळाशी बारीक चीर होती.

“घेतलास तवाच गेलेला असंल. न्हाईतर तुझ्या कपाटात गेला असंल. आता कोन सांगनार?”

“ओळख बरोबर होती पण,” दाणी हळूच म्हणाले. “तोच आहे. अस्सल.”

“अस्सलच हाय,” चाचा म्हणाले. चेष्टा नव्हती त्यात. त्यांनी तो कापसात ठेवला आणि डबा दाणींच्या हातात दिला.

दाणींचे डोळे भरून आले होते. पन्नाशीचा माणूस, भर पेठेत. मी मिक्सरच्या भांड्याकडे बघत राहिलो.

थोड्या वेळानं ते उठले आणि फळीपाशी गेले. उजवीकडचा व्हॉल्व्ह पेटलेला होता. काच धुरकट झालेली, शेंड्याची चांदी कडेनं तपकिरी. पण चांदी होती.

“चाचा, आता माझ्या माहितीत हा एकच राहिला.”

“हं.”

“हा मला द्या.” दाणींनी हात जोडले, आणि या वेळी ते खरोखर वाकले. “याच्या जागी चांगले चार आणून देतो, तुमचं गाणं एक दिवस बंद पडणार नाही. पण याला असं धुळीत, रोज दोन-दोन तास जाळायचं... किती टिकेल? वर्ष? दोन वर्षं? माझ्याकडं आला तर मी याला हातसुद्धा लावू देणार नाही कुणाला. जिवापाड जपेन, चाचा.”

चाचांनी फडक्याला हात पुसले. समोर बायकांनी गाण्यात आवाज मिसळला होता, सुपं थांबली नव्हती. चाचांनी तिकडे बघितलं.

“जपशील,” ते म्हणाले. “म्हनून तर देत न्हाई.”