जनूच्या ओळी

“पण या ओळी ठेवायच्या कशाला, बुवा?”

हृषीकेशने पुन्हा विचारलं. शहरातली नोकरी सोडून तो मठात शिष्य म्हणून आला होता. नोकरीतला तोरा मात्र बरोबर घेऊन आला होता.

मठाच्या विहिरीवरचा पंप एक छोटा संगणक चालवायचा. त्यातला सी भाषेतला प्रोग्राम जनूने लिहिलेला. जनू बुवांचा लाडका शिष्य. गेल्या वर्षी तापाने गेला. पुढे वीज पडून संगणकाचा पडदा जळला. प्रोग्राम चालू राहिला, पण तो काय म्हणतो ते कुणालाच दिसेना.

“पडद्यासाठी लिहिलेलं सगळं खोडतो,” हृषीकेश म्हणाला. “त्या जागी सिस्टीम लॉगमध्ये जाईल असं नव्याने लिहितो. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी, कधीही उघडून वाचता येते. आणि हे काय लिहिणं झालं? ‘टाकी भरली. मी थांबतो, बुवा.’ यंत्र असं बोलतं का?”

बुवा समोर बघत जपमाळ ओढत राहिले.

“ऐकताय ना?”

बुवांचा उजवा कान कधीच गेला होता आणि हा पठ्ठ्या नेमका त्याच बाजूला बसला होता. बुवांनी त्याचा हात धरून त्याला डावीकडे बसवलं.

“आता बोल. तेच बोल.”

ऐकणाऱ्या कानाशी ‘खोडतो’ हा शब्द हृषीकेशला उच्चारवेना.

तो लॅपटॉप घेऊन पंपाच्या खोलीत गेला. बुवा काठी टेकत मागोमाग आले.

जनूच्या एकाही ओळीला त्याने हात लावला नाही. प्रोग्रामच्या सुरुवातीला तेवढ्या दोन-चार ओळी घातल्या. पडद्याकडे जाणारं बोलणं वळवून संगणकातल्याच एका पाइपला, म्हणजे शब्द वाहून नेणाऱ्या वाटेला, जोडलं आणि पाइपचं दुसरं टोक लॉगमध्ये सोडलं.

पंप सुरू झाला. लॉग कोराच.

हृषीकेशचा चेहरा उतरला. मग त्याच्या ध्यानात आलं.

“बुवा, तो बोलतोय, पण मनात साठवतोय. समोर पडदा असला की ओळ झाली की सोडतो. पाइप दिसला की धरून बसतो.”

“जनूचं तसंच होतं,” बुवा म्हणाले. “परक्यासमोर तोंड उघडायचा नाही.”

हृषीकेशने आणखी एक ओळ लिहिली. साठवू नकोस, एवढंच सांगणारी.

थोड्या वेळाने लॉगमध्ये अक्षरं उमटली. तो बुवांच्या डाव्या कानाशी वाकला आणि वाचू लागला.

“‘विहिरीत पाणी खाली गेलंय. जपून, बुवा.’”

या ओळी आपण पुसायला निघालो होतो, याची त्याला फार लाज वाटली.

बुवांनी डोळे पुसले.

“त्याला सांग, जपतोय.”

“बुवा...” हृषीकेश हळूच म्हणाला, “पाइप एकाच बाजूने वाहतो. इकडचं त्याच्याकडे जात नाही. आपलं कुणी ऐकणार नाही.”

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“पडदा जळल्यापासून त्याचं तरी कोण ऐकत होतं? तरी बोलत राहिलाच ना?... त्याला सांग तू.”