निशाणाचा मान

बालमित्रांनो, एका राजधानीच्या पागेत एक तरणी घोडी राहत असे. ‘चौकातल्या पुतळ्यासमोर मान खाली घालायची, वर पाहायचे नाही आणि का ते विचारायचे नाही,’ हा नियम तिला शिंगरू असल्यापासून शिकवला होता. पुतळा होता एका थोर सेनापतीचा. त्याने बारा लढाया जिंकल्या, मग तलवार म्यान करून राज्याचा कारभार हाती घेतला आणि गावोगावी पाणी पोहोचवले. दरवर्षी त्याच्या जयंतीला पागा मानवंदना द्यायला निघे. पाठीवर निशाण घेऊन सर्वांत पुढे चालायचे, एवढीच घोडीची इच्छा होती. धावण्यात तिला पागेत जोड नव्हती.

“निशाणाचा मान घोड्याचा. घोडीने मागून चालावे,” म्हातारा घोडा म्हणाला.

“हे कोणी ठरवले, आजोबा?”

“सेनापतींनी! ते घोड्यावर बसूनच लढले. पुतळा आहे ना साक्षीला!”

छपरावरचा कावळा खो खो हसला. “मी रोज त्याच पुतळ्यावर बसतो. अहो आजोबा, एकदा नीट बघा तरी!”

“चोंबड्या, ऊठ तिथून!” म्हातारा खेकसला.

दुसऱ्या दिवशी रपेटीला जाताना घोडीने चौकात मान वर केली. सेनापतीची तलवार म्यानात होती, हातात राज्याचे कागद होते आणि त्याला पाठीवर घेऊन, पुढचा पाय उचलून, एक घोडी उभी होती. मूर्तिकाराने काहीच लपवले नव्हते. तिचा ऊर भरून आला.

“आजोबा, सेनापतींना घोडीनेच वाहून नेले आहे!” तिने पागेत येऊन सांगितले.

“काहीतरीच! वीस वर्षे मानवंदना देतोय मी.”

“देताय हो. पण वर कधी पाहिलेत?”

जयंतीच्या सकाळी ती सरळ निशाणाच्या जागी जाऊन उभी राहिली. तिची ऐट पाहून घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने निशाण तिच्याच पाठीवर चढवले. चौक येताच म्हातारा मागून फुरफुरला, “मागे हो! आणि मान खाली घाल!”

“मागे होणार नाही आणि मानही खाली घालणार नाही. ज्यांचा मला अभिमान आहे, त्यांना मी डोळे भरून पाहणार. तुम्हीही पाहा!”

म्हाताऱ्याने रागाने मान वर केली. मग त्याच्या मागच्याने, मग सगळ्यांनीच. पुतळ्यातली घोडी नीट पाहून म्हातारा निशाणाच्या मागून चालू लागला.

तात्पर्य : न पाहता झुकवलेली मान म्हणजे आदर नव्हे, ज्याला वंदन करायचे, त्याला आधी डोळे उघडून पाहावे.